बिनसाक्याची कॉफी

पाटी नव्हतीच. दारावर कोळशाने ‘आहे’ एवढंच लिहिलेलं असे. बू रुमिना बाजाराला निघाल्या की जाता जाता ते ओल्या फडक्याने पुसून टाकत, आणि परत आल्या की पुन्हा लिहीत. तुलुंगागुंगमधल्या त्या गल्लीचं एवढ्यावर भागत होतं. काय आहे आणि कुणाकडे आहे, हे परगावचा माणूसच विचारणार; आणि परगावच्या माणसाचं त्या गल्लीत काय काम?

बू रुमिनांचे (तिकडे बायकांना मानाने बू म्हणतात, पुरुषांना पाक) यजमान पाक प्रावोतो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा सकाळच्या वेळी स्वतःच्या ओसरीवर काय चालतं हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. नोकरीत असताना ते घाईने निघत. ओसरीवरची माणसं अर्धवट उठून म्हणत, “निघालात, पाक?” आणि हे म्हणत, “हो, निघालो.” आता ते निघत नव्हते. माणसं मात्र तरीही अर्धवट उठत. आणि हे कुठेच जाणार नसल्यामुळे, उठलेल्यांनी पुन्हा बसायचं कधी, असा नाजूक पेच दोन्ही पक्षांना पडे. हसणं थांबे. कुणीतरी हवेबद्दल बोले. शेवटी पाक प्रावोतोंनीच मोठ्या मनाने ओसरीवर जाणं सोडलं आणि खिडकीच्या आतून बघायला सुरुवात केली.

आतून जे दिसलं त्याने त्यांच्यातला सरकारी माणूस हबकला. गिऱ्हाईक येई, एक इवलासा कप मागवी, आणि साका खाली बसेपर्यंत त्या कपाकडे नुसतं बघत राही. मग वरची कॉफी हळूच पिऊन टाकी. इथे व्यवहार संपायला हवा. पण माणूस खरा कामाला लागे तो इथून. तळाचा साका बशीत उलटा करायचा, वर्तमानपत्राच्या चिठोऱ्याने त्यातलं पाणी टिपायचं, आटीव दुधाचा थेंब घालून तो लोण्यासारखा घोटायचा, आणि दात कोरायच्या काडीने लवंगी सिगारेटीवर नक्षी काढायची. वेली, माशाचे खवले, ढग. एकाने तर सासूचं नाव काढलं आणि ती सिगारेट सगळ्यांदेखत शांतपणे ओढली. एक रंगवून झाली की दुसरी. कप एक, आणि माणूस दुपारपर्यंत.

“म्हणजे ही माणसं कॉफी प्यायला येतच नाहीत,” पाक प्रावोतो बायकोला म्हणाले. “खालचा गाळ न्यायला येतात!”

“बरं, मग?”

“मग काय, बू? हा धंदा आहे का?”

“मी कधी म्हटलं धंदा आहे म्हणून? दुकान आहे.”

इथे वाचकाने पाक प्रावोतोंना हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या गृहस्थांनी उभी हयात कालव्यांमधला गाळ काढण्यात घातली होती. प्रत्यक्ष फावड्याने नव्हे, फायलींनी. पण घातली होती. गाळ हा शब्द ऐकला तरी त्यांचा हात टाचणीकडे जाई. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच बायकोच्या हातून, कपाकपाने गाळ वाटला जात होता आणि त्याचं कौतुक होत होतं.

त्यांनी कंपनी काढायची ठरवली. बू रुमिनांनी मातीच्या कढईत बिया परतता परतता ऐकून घेतलं आणि झारा खाली ठेवला.

“काढा. घरात बसून खिडकीला भोक पाडण्यापेक्षा बरं. पण पाक, एक ऐकून ठेवा. माझी माणसं तुटली तर मी इथे राहणार नाही. त्रेंगालेकला बहिणीच्या दारात चुलीपुरती जागा आहे. ही कढई उचलीन आणि पहिली बस धरीन.”

“माणसं तुटतील कशाने? वाढतील!”

“वाढलेली मोजा तुम्ही. मी आहेत ती सांभाळते.”

*

प्रावोतो आणि कंपनी
शुद्ध कॉफीचे उत्पादक

ही पाटी लागली आणि सल्ला द्यायला गल्ली लोटली. गल्लीचे प्रमुख पाक जुमैनो म्हणाले, की पाटी हिरवी हवी होती. ती हिरवी केल्यावर म्हणाले, की आधीची बरी होती, पण आता केलीच आहे तर असू दे. सुराबायाला चार वर्षं काढून परत आलेला पाक प्रावोतोंचा भाचा अगिल मामांना म्हणाला, “पाकदे, आधी अनुभव विकायचा, मग कॉफी.” पाक प्रावोतोंना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी अगिलला विक्री-व्यवस्थापक नेमलं. त्याचा अर्थ विचारायचं मात्र राहून गेलं.

परवान्यासाठी जिल्ह्याच्या कचेरीतून पाक खोलिल नावाचे तपासनीस आले. बरोबर कातडी पिशवी, चेहऱ्यावर जबाबदारी. त्यांनी कढई पाहिली, चाळणीचं कापड पाहिलं, मांजर कुठून येतं ते पाहिलं. शेवटी नमुना म्हणून एक कप घेऊन ते ओसरीवर बसले. साका बसायची वाट पाहिली. कॉफी प्यायले. बशीत कप उलटा केला. चिठोरा मागितला. आणि पुढचा बराच वेळ जिल्हा प्रशासनाचं कामकाज ठप्प होतं. खिशातल्या सिगारेटीवर त्यांनी असा काही मोर काढला की ओसरीवरचे सगळ्यात वयस्कर गिऱ्हाईक, म्बाह सारीदिन, स्वतःची बशी बाजूला ठेवून बघत राहिले.

“हात कुणाचा आहे हा?” म्बाहनी विचारलं.

“वडिलांचा,” तपासनीस लाजून म्हणाले.

मग त्यांनी हात धुतले, पिशवीतून कागद काढला आणि लिहिलं: ‘पेयात साका प्रमाणाबाहेर. गाळून घ्यावा.’

पाक प्रावोतोंनी कागद वाचला. “पण आत्ता तर तुम्ही—”

“पाक, हे कागदाचं झालं. पेय म्हटलं की साका हा दोष. नियमच आहे. आता माणूस म्हणून सांगू का?” आवाज खाली आणून ते म्हणाले, “गाळाल तर पस्तावाल.”

आता एका बाजूला सहीशिक्क्याचा कागद आणि दुसऱ्या बाजूला तोंडी बोलणं. तुमच्याआमच्यासारखा माणूस कदाचित थबकला असता. पण ज्याने तीस वर्षं असं कधी केलं नाही तो आता काय करणार? तोंडी बोलण्याला जावक क्रमांक नसतो. पाक प्रावोतोंनी मलांगहून कॉफी गाळायचं यंत्र मागवलं.

यंत्र आलं, पण दारातून आत येईना. पाक जुमैनोंच्या सल्ल्याने दाराची चौकट काढली. यंत्र आत गेल्यावर पाक जुमैनोंच्याच लक्षात आलं, की मागचं दार मोठं आहे. चौकट परत बसवताना सुतार म्हणाला, “आता काच लावा, कंपनीला शोभेल.” काच लावली म्हणून गार हवेचं यंत्र आलं. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून ओसरी बंद झाली. ओसरी बंद झाल्यावर बाक विजोड दिसू लागले म्हणून मऊ खुर्च्या आल्या, आणि मऊ खुर्च्यांसमोर संगमरवरी गल्ला. कोळशाने लिहिलेलं ‘आहे’ या सगळ्या धांदलीत कधी गेलं, कुणाला कळलंही नाही.

*

प्रावोतो कॉफी
तळ दिसेल इतकी स्वच्छ

आणि खरोखरच दिसे. उद्घाटनाच्या सकाळी नेहमीची सगळी माणसं आली, चपला बाहेर काढून, मशिदीत यावीत तशी. मऊ खुर्च्यांच्या कडेकडेला बसली. कप आले. सगळ्यांनी सवयीने वाट पाहिली. बसायला त्यात काही नव्हतंच, पण हे पटायला वेळ लागतो. मग प्यायले. मग प्रत्येकाने कप कलता करून आत पाहिलं, जसं विहिरीत पोहरा पडल्यावर बघतात. पांढरा तळ. म्बाह सारीदिननी काडी कानावर ठेवली होती, ती काढून हातात घेतली, थोडा वेळ धरली, आणि परत कानावर ठेवली.

“छान आहे,” ते म्हणाले.

“छान, छान,” सगळे म्हणाले, आणि उठले.

अगिल हरखून गेला. “पाकदे, बघितलंत? जिथे एक माणूस दुपारपर्यंत खुर्ची अडवायचा तिथे पाच मिनिटांत खुर्ची मोकळी! याला म्हणतात उलाढाल!”

अगिलच्याच कल्पनेने गल्ल्याशेजारी अभिप्रायाची पेटी ठेवली होती. आता, या गावात कुणाला तोंडावर नको म्हणणं म्हणजे शिवीच्या अलीकडची पायरी. लेखी नको म्हणणं तर पलीकडची. पाक प्रावोतो रोज संध्याकाळी पेटी उघडत आणि चष्मा पुसून वाचत:

कॉफी उत्तम. गार हवा उत्तम. दारसुद्धा उत्तम.

कप फार स्वच्छ निघाला. फारच.

खुर्ची मऊ आहे. बसल्यावर लगेच उठावंसं वाटलं, पण तो दोष आमचा.

सगळं छान आहे. आमची काळजी करू नये. आम्ही बघू काहीतरी.

घरी काम आठवलं. याआधी कधी आठवलं नव्हतं. आभारी आहे.

“एकही तक्रार नाही!” पाक प्रावोतो बायकोला म्हणाले.

बू रुमिनांनी चिठ्ठ्या वाचल्या. शेवटची दोनदा वाचली. “पाक, तुम्हाला वाचता येतं ना?” एवढंच त्या बोलल्या, आणि आत गेल्या.

*

प्रावोतो कॉफी
तुलुंगागुंग, केदिरी, मलांग
आणि लवकरच सुराबाया

कंपनी वाढली, यात शंका नाही. अगिल मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना गाळलेल्या कॉफीची पाकिटं लटकवून जाई आणि रिकामा परत येई. साका नसलेली कॉफी मलांगच्या कचेऱ्यांमध्ये खपली, कारण तिथे प्यायल्यावर लोकांना काम असतं. सुराबायाच्या एका मोठ्या हॉटेलची खरेदी पाहणाऱ्या बू मेलियाना यांनी तर पाकीट चाखून निरोप पाठवला, की नमुना पसंत आहे, घ्यायची तर सगळीच घेऊ. फक्त माल वाढवायला हवा. परसात शेड घालून आणखी दोन यंत्रं बसवलीत तर करार कायमचा. शुक्रवारी सकाळी फोन करते, हो की नाही ते सांगा.

“त्या दुसऱ्यांदा फोन करत नाहीत,” अगिलने बजावलं. “त्यांची ख्याती आहे तशी.”

आणि दुकान? दुकानात पाक प्रावोतो बसत. गार हवेत, संगमरवरी गल्ल्यामागे, छातीवर कंपनीचं नाव भरलेला सदरा घालून. पेटीत चिठ्ठ्या येईनाशा झाल्या, कारण चिठ्ठी टाकायला आधी माणूस यावा लागतो. सुरुवातीला ते म्हणाले, उपास असतील. मग म्हणाले, भातलावणी असेल. मग गल्लीत कुणाचं तरी लग्न असावं असं ठरवलं. काचेतून त्यांना रस्त्याने जाणारी माणसं दिसत. काचेपाशी आली की ती किंचित वाकत, हसत, हात पुढे करून अदबीने निघून जात. म्बाह सारीदिन तर रोज जात. रोज हसत. कुठे जात, हा प्रश्न पाक प्रावोतोंना पडला नाही. जाणाऱ्या माणसाला ‘कुठे’ विचारून उत्तर काय मिळतं हे त्यांना माहीत होतं. ‘इथेच.’

शुक्रवारी सकाळी ते चहा मागायला स्वयंपाकघरात गेले. चूल गार होती, आणि खुंटीवर कढई नव्हती.

आधी त्यांना काही वाटलं नाही. मग सगळं एकदम वाटलं. त्यांनी फडताळ उघडलं. झारा नाही. चाळणीचं कापड नाही. ‘कढई उचलीन आणि पहिली बस धरीन.’ पाक प्रावोतो तसेच, कंपनीच्या सदऱ्यात आणि खाली घरच्या लुंगीत, कशीबशी किल्ली शोधून स्कूटरवरून बसस्थानकाकडे सुटले.

“त्रेंगालेकच्या गाडीत एक बाई चढल्या का? हातात कढई होती.”

तिकीटवाला विचार करून म्हणाला, “कढई नव्हती. एक बाई चढल्या, हातात कोंबडी होती. चालेल का?”

“मला बायको हवी आहे!”

“पाक, ती सरकारी गाडीत नाही मिळायची,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि अख्खं बसस्थानक हसलं. एका फळवालीने मात्र त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि दुरियान घेऊन गेलात तर बायको नक्की मऊ पडेल असा सल्लाही दिला. त्यांनी तो घेतला. सल्लाही आणि दुरियानही.

परत येताना स्कूटरच्या पुढच्या बाजूला ते काटेरी फळ, त्याचा तो दरवळ, आणि डोक्यात एकच विचार. तीस वर्षं ही बाई सकाळी उठून बिया परतत होती, आणि आपण रोज ‘निघालो’ म्हणत होतो. ती एकदाच निघाली, तर आपल्याला स्कूटरची किल्ली सापडत नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी पाक जुमैनो भेटले. खिशात सिगारेटीचं पाकीट, कानावर काडी.

“काय पाक, लुंगीवर? आणि हे काय, दुरियान?”

“रुमिना गेली,” पाक प्रावोतो म्हणाले. स्कूटर बंद करायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

“गेल्या? कुठे गेल्या? आत्ताच तर मी सांगून आलो, माझा कप ठेवा म्हणून.”

“कुठे?”

पाक जुमैनो घोटाळले. कानावरची काडी काढून खिशात घातली. “इथेच,” ते म्हणाले. मग त्यांनाच त्या उत्तराची लाज वाटली असावी. “तुमच्या परसात, पाक. सगळी गल्ली तिथेच असते. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल. कंपनी तुमची.”

*

साहेब कामात आहेत
थोडं थांबावं

ही पाटी काचेवर लावून पाक प्रावोतो घराला वळसा घालून मागच्या अंगाला गेले. स्वतःच्याच परसात पाहुण्यासारखं शिरताना माणसाने आधी काय करावं, खोकावं की हाक मारावी, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. भिंतीआडून हसणं ऐकू येत होतं. किती दिवसांत त्यांनी ते ऐकलं नव्हतं! काच चांगली होती.

फणसाखाली दोन पिंपांवर एक लांब फळी टाकली होती. तिच्या दोन्ही अंगांना जुने बाक, तेच, विजोड ठरलेले. कडेला चूल, चुलीवर कढई, आणि कढईमागे बू रुमिना. फळीवर ओळीने कप निवत होते. तपासनीस पाक खोलिलसुद्धा होते, पिशवी मांडीखाली घालून.

हसणं थांबलं. सगळे अर्धवट उठले.

पाक प्रावोतो हातात दुरियान घेऊन उभे. रागवायचं त्यांनी येता येता पक्कं ठरवलं होतं. वाक्यही जुळवून झालं होतं, त्यात ‘माझ्याच घरात’ दोनदा येत होतं. पण चुलीवर कढई पाहिल्यावर ते वाक्य मागेच राहिलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

“मला वाटलं तू त्रेंगालेकला गेलीस.”

“जाणार होते,” बू रुमिना म्हणाल्या. “पण ही मंडळी दारात उभी राहिली. तुम्ही तो साका बादल्या भरभरून फेकायला सांगितला होता ना? म्हटलं, माणसांना तरी देऊ. तर म्बाहनी घेतला नाही.”

“बादलीतला कसा घेणार?” म्बाह सारीदिन म्हणाले. “दुसऱ्याने प्यायलेल्या कॉफीचा साका. आपली कॉफी आपण प्यावी, आपला साका आपण घ्यावा. बादलीतला म्हणजे उसनी झोप.”

“मग कढई मागे आणली,” बू रुमिना म्हणाल्या. “आज शुक्रवार. फोन यायचा आहे ना तुमचा? शेड इथेच येणार?”

‘इथे’ म्हणजे कुठे हे दाखवायला त्यांनी झारा हलवला नाही. गरज नव्हती. शेडचा नकाशा पाक प्रावोतोंनी स्वतः काढला होता. फणस ‘अडथळा’ म्हणून त्यात नोंदला होता.

“बू, मी…” ते म्हणाले, आणि फळीकडे वळले. सगळे अजून अर्धवट उठलेलेच होते. इतकी माणसं आपल्यामुळे गुडघ्यांत वाकून ताटकळताहेत, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. ओसरीवर ते आदरासारखं दिसे.

“अहो, बसा ना आधी!” ते जवळजवळ ओरडले. “बसा म्हणजे मला बसता येईल.”

माणसं चटकन सरकली. फणसाच्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली. दुरियान कुठे ठेवावं हे न कळल्यामुळे त्यांनी ते तपासनिसांच्या हातात दिलं. बू रुमिनांनी कप आणून ठेवला, काळा, गढूळ, वाफाळता.

“मी सिगारेट ओढत नाही,” पाक प्रावोतो म्हणाले. तीस वर्षांच्या सचोटीतलं एवढंच शिल्लक होतं.

“मीही नाही,” म्बाह सारीदिन म्हणाले. “छातीच्या डॉक्टरने कधीचीच बंद केली.”

“मग रोज काय रंगवता?”

“सिगारेट. रंगवतो आणि देऊन टाकतो. ओढणाऱ्यांना काय तोटा आहे? बसणारा मिळत नाही.” त्यांनी कानावरची काडी काढून पाक प्रावोतोंच्या पुढ्यात ठेवली. “पण घाई करायची नाही हं. आणि हात फळीवर आपटायचा नाही. फळी एकच आहे. एकाने धक्का दिला की सगळ्यांचा साका उठतो, मग पुन्हा पहिल्यापासून.”

ओळीतले सगळे कप पाक प्रावोतोंनी पाहिले. सगळ्यांवर बारीक फेस, आणि खाली, न दिसता, काहीतरी उतरत होतं. गाळ असा आपला आपण, कुणाच्या टिपणीशिवाय खाली जातो, हे त्यांना माहीत होतं. कालव्यात त्याला ते आपत्ती म्हणत.

आणि घरात फोन वाजला.

संगमरवरावर ठेवलेला फोन फार मोठ्याने वाजतो. काचेतून, भिंतीतून, स्वयंपाकघरातून तो थेट परसात आला. सगळ्यांनी ऐकला. कुणी मान वर केली नाही. उधारी मागायला कुणी आल्यासारखे सगळे आपापल्या कपात बघत राहिले. बू रुमिना कढईत बघत राहिल्या, पण झारा चालत नव्हता.

पाक प्रावोतोंनी उठायला गुडघे आवळले. बाक करकरला. फळी केसभर कलली, आणि ओळीतल्या सगळ्या कपांवर एकदमच एक बारीक लाट आली.

ते तसेच राहिले. मग हळूहळू, पाण्यावर पाऊल ठेवावं तसं, खाली बसले. दोन्ही हातांनी फळीची कड धरली.

फोन वाजत राहिला, थांबला, आणि पुन्हा वाजू लागला. बू मेलियाना दुसऱ्यांदा फोन करत नाहीत, ही त्यांची ख्याती खोटी निघाली.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि अगिल फोन हातात उंच धरून सुसाट बाहेर आला. “पाकदे! सुराबाया! पाकदे, त्या थांबल्यात लायनीवर! हो म्हणू की—”

“धावू नकोस, गाढवा!” पाक प्रावोतो दबक्या आवाजात फिस्कारले. “फळी हलेल!”

अगिल एक पाय वर घेऊन जागच्या जागी थिजला. फोनमधून कुणाचा तरी बारीक आवाज, हॅलो, हॅलो करत, येत राहिला. फळीभोवतीचा एकही माणूस हवेबद्दल काही बोलला नाही. पाक जुमैनोंनी शेजारच्याला कोपर मारायचं मनात आणलं, आणि फळीचा विचार करून राहू दिलं.

“काय सांगू त्यांना?” अगिल एका पायावर कुजबुजला.

पाक प्रावोतोंनी कपावरून नजर काढली नाही.

“सांग, शेडला जागा नाही,” ते म्हणाले. “आणि सांग, मी आत्ता उठू शकत नाही. माणसं बसली आहेत.”

चुलीपाशी झारा पुन्हा चालू लागला.